चिल्लरीतला इतिहास

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावातील शाळेत धातूंविषयी व्याख्यान देण्यासाठी गेले होते. कार्यक्रम संपल्यावर नववीतला एक मुलगा रेंगाळत मागे थांबला. सगळे गेल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि एक रुपयाचे नाणे माझ्या हातावर ठेवले. नाणे १९८५ सालचे होते. वर्षाच्या आकड्याखाली इंग्रजी ‘एच’ हे अक्षर होते. "मॅडम, हे अडीच लाखांचं आहे का?" त्याने विचारले.

त्याच्या वडिलांना मोबाइलवर एक जाहिरात आली होती. ‘एच’ अक्षराचा रुपया असेल तर अडीच लाख रुपये मिळतील, असे तीत म्हटले होते. त्यांनी फोन केला. समोरच्या माणसाने नोंदणीसाठी आधी साडेअठराशे रुपये भरायला सांगितले. वडील शेतमजूर. त्यांनी ते भरले. आता ‘कर’ म्हणून आणखी सहा हजारांची मागणी आली होती, आणि ते कुणाकडून उसने घ्यायचे याचा विचार घरात चालू होता.

मी धातुशास्त्रात संशोधन करते. नाणी हा माझा व्यवसाय नव्हे. पण नाणे हा धातूचा तुकडा आहे, आणि त्यावर तो कोणत्या साली व कोठे तयार झाला हे लिहिलेले असते. एखादे नाणे दुर्मीळ आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मंत्रतंत्र लागत नाही. हे नाणे कोणी पाडले, कशापासून पाडले, किती पाडले आणि त्यांतली किती उरली, एवढे चार प्रश्न विचारावे लागतात. या लेखात आपण तेच करणार आहोत.

कोणी पाडले?

भारतात आज चार सरकारी टांकसाळी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नोएडाची टांकसाळ सर्वांत नवी. ती १९८८ मध्ये सुरू झाली. नाणे कोणत्या टांकसाळीतले, हे त्यावरच्या वर्षाच्या आकड्याखाली पाहिले की कळते. तेथे छोटा चौकट आकार, म्हणजे पत्त्यांतील चौकटसारखी खूण असेल तर नाणे मुंबईचे. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचे. गोल ठिपका असेल तर नोएडाचे. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. खूण नसणे हीच कोलकात्याची खूण!

या खुणा शोभेसाठी नसतात. नाणे वजनात कमी भरले किंवा धातूत खोट निघाली, तर जबाबदार कोण हे कळावे म्हणून टांकसाळीची खूण उमटवण्याची पद्धत जगभर पडली. शाळेच्या उत्तरपत्रिकेवर तपासनीसाची सही असते, तसाच हा प्रकार.

मग ‘एच’ कोठून आला? १९८० च्या दशकाच्या मध्यास देशात सुट्या पैशांची मोठी टंचाई झाली होती. दुकानदार मोड म्हणून गोळ्या-चॉकलेटे देत, हे त्या काळातल्या वाचकांना आठवत असेल. आपल्या टांकसाळी मागणी पुरी करू शकत नव्हत्या, म्हणून सरकारने काही नाणी परदेशात पाडून घेतली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात हीटन घराण्याने एकोणिसाव्या शतकात उभारलेली एक खासगी टांकसाळ होती. ‘एच’ हे त्या हीटनचे आद्याक्षर. पुढे १९८८ च्या काही नाण्यांवर कॅनडातील ओटावाच्या टांकसाळीचा ‘सी’ दिसतो, तर १९९७ च्या काही रुपयांवर मेक्सिकोच्या टांकसाळीची खूण आढळते.

म्हणजे त्या मुलाच्या हातातले नाणे खरे होते आणि त्यावरची खूणही खरी होती. पण ज्या नाण्यांचा उद्देशच टंचाई दूर करणे हा होता, ती मूठभर कशी असतील? ती भरपूर पाडली गेली आणि देशभर पसरली. वापरलेल्या अवस्थेतले ‘एच’चे नाणे नाणेसंग्राहकांच्या बाजारात सहज मिळते, आणि त्याची किंमत चहा-नाश्त्याच्या खर्चाइतकी असते. वेगळे असणे आणि दुर्मीळ असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फसवणूक करणारे नेमका हाच फरक पुसून टाकतात.

कशापासून पाडले?

आता दुसरा प्रश्न. चिल्लरीत सापडलेल्या मौल्यवान नाण्यांमध्ये सर्वांत गाजलेली गोष्ट अमेरिकेतील आहे आणि ती धातूची गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धात तांब्याला सोन्याचा भाव आला. तोफगोळ्यांची पितळी नळकांडी, विजेच्या तारा, सगळ्यांना तांबे हवे होते. तेव्हा अमेरिकेचे एक सेंटचे नाणे ब्राँझचे, म्हणजे ९५ टक्के तांब्याचे होते. १९४३ मध्ये तेथील सरकारने तांबे वाचवण्यासाठी हे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे केले. त्या वर्षी अशी सुमारे १०९ कोटी नाणी पाडली गेली.

नाणे काही लोकप्रिय झाले नाही. पांढरे असल्यामुळे लोक ते दहा सेंटचे समजत. शिवाय ते गंजू लागले. याचे कारण मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. पोलादाच्या पत्र्यावर आधी जस्त चढवले आणि नंतर त्यातून गोल चकत्या कापल्या. त्यामुळे दोन्ही तोंडांवर जस्त राहिले, पण कापलेली कड उघडीच राहिली. घामट हात आणि दमट हवा यांनी त्या कडेचा ताबा घेतला. पुढच्याच वर्षी पोलाद सोडून नाणे पुन्हा तांब्याच्या मिश्रधातूवर आले.

पण १९४२ साल संपताना ब्राँझच्या काही चकत्या यंत्रांच्या पेट्यांत अडकून राहिल्या होत्या. त्या पोलादी चकत्यांबरोबर ठशाखाली गेल्या आणि त्यांच्यावर १९४३ ची छाप उठली. अशी चुकीच्या धातूची नाणी आजवर तीसहून कमी आढळली आहेत. १०९ कोटींमध्ये तीससुद्धा नाहीत.

त्यातले एक १९४७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड गावी सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला शाळेच्या उपाहारगृहात मिळालेल्या मोडीत सापडले. असे नाणे आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड मोटार भेट देणार, अशी अफवा तेव्हा होती. मुलाने चौकशी केली. तसे काही नव्हते. त्याने सरकारी अर्थखात्याला विचारले. १९४३ ची सगळी नाणी जस्ताच्या मुलाम्याच्या पोलादाची आहेत, असे उत्तर आले. म्हणजे त्याच्या हातात होते ते नाणे सरकारच्या मते अस्तित्वातच नव्हते! त्याने ते जपून ठेवले. जानेवारी २०१९ मध्ये लिलावात त्याला २ लाख ४ हजार डॉलर मिळाले.

गोष्टीला एक शेपूट आहे. ही बातमी पसरल्यावर पोलादी नाण्यावर तांब्याचा मुलामा चढवून विकणारे निघाले. काहींनी १९४८ च्या खऱ्या ब्राँझच्या नाण्यावरचा ८ कोरून त्याचा ३ केला. पहिली लबाडी पकडायला साधा लोहचुंबक पुरतो. खरे ब्राँझ चुंबकाकडे ओढले जात नाही. मुलामा दिलेले पोलाद चटकन चिकटते. दुसरी लबाडी चुंबकाला कळत नाही, कारण धातू खराच आहे. तेथे भिंग घेऊन आकड्याचे वळण पाहावे लागते. वजनही साक्ष देते : ब्राँझचे नाणे ३.११ ग्रॅम, पोलादी सुमारे २.७ ग्रॅम. एक चाचणी पुरत नाही. दोन-तीन स्वतंत्र चाचण्यांचे उत्तर एकच आले पाहिजे. प्रयोगशाळेत आम्ही याहून वेगळे काही करत नाही.

त्याच वर्षी आपल्याकडे

१९४३ मध्ये तांब्याची चणचण आपल्याकडेही होती. पूर्वीचा तांबड्या धातूचा पैसा ४.८६ ग्रॅमचा होता. १९४३ मध्ये त्याच्या जागी मधोमध मोठे भोक असलेला, जेमतेम दोन ग्रॅमचा पैसा आला. आपले आजी-आजोबा त्याला ‘भोकाचा पैसा’ म्हणत. अमेरिकेने धातू बदलला, आपल्याकडे धातू कमी केला. ते भोक म्हणजे वाचवलेले तांबे. भोकाचा पैसा १९४७ पर्यंत निघत राहिला आणि अजून अनेक घरांतल्या डब्यांत सापडतो. तो दुर्मीळ नाही, पण महायुद्धाचा इतका सोपा पुरावा वर्गात दुसरा कोणता दाखवता येईल?

रुपयाची कथा अधिक बोलकी आहे. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा होता आणि त्यात ९१.७ टक्के चांदी होती. युद्ध सुरू होताच लोक चांदी साठवू लागले. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली. उरलेल्यात ४० टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के. खोटी नाणी पाडणाऱ्यांना अडवण्यासाठी कडेवर विशेष खाचही केली. १९४७ मध्ये चांदी पूर्ण गेली आणि निकेलचा रुपया आला.

दोन रुपयांचे वजन तेच, आकार तसाच. एकात चांदी दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. लोक कोणता खर्च करतील आणि कोणता पेटीत ठेवतील? चांगले नाणे व्यवहारातून नाहीसे होते आणि हलके नाणे फिरत राहते. अर्थशास्त्रात याला ग्रेशॅमचा नियम म्हणतात. ९१.७ टक्के चांदीचे शेवटचे रुपये १९३९ सालचे. त्या सालचा रुपया आज खरोखर दुर्मीळ आहे.

येथे एक छान प्रयोग करता येतो. मिश्रधातूच्या प्रमाणावरून हिशेब केला तर जुन्या रुपयाची घनता सुमारे १०.३ आणि १९४० नंतरच्या रुपयाची सुमारे ९.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. नाणे दोऱ्याने पाण्यात टांगले तर पहिल्याच्या वजनात सुमारे १.१३ ग्रॅम घट येईल, दुसऱ्याच्या सुमारे १.२२ ग्रॅम. फरक लहान आहे, पण ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा असेल तर तो स्पष्ट दिसतो. आर्किमिडीजने मुकुटाचे जे केले असे सांगतात, तेच आपण आजोबांच्या रुपयाचे करू शकतो, आणि नाण्याला ओरखडाही पडत नाही.

चूक कशी होते?

धातूप्रमाणे ठशातही चूक होते. नाण्याचा ठसा तयार करताना एका मूळ छापाने तो पोलादावर दाबतात. पूर्वी हे काम एकाहून अधिक वेळा दाबून पुरे करावे लागे. दुसऱ्या वेळी ठसा जरासा फिरलेला असला तर अक्षरे दुहेरी उमटतात. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत असा एक ठसा यंत्रावर चढला. चूक लक्षात येईपर्यंत हजारो सेंट पडून इतर नाण्यांत मिसळले होते. सगळा ढीग वितळवण्याऐवजी टांकसाळीने ती नाणी तशीच जाऊ दिली. अशी २० ते २४ हजार नाणी बाहेर पडली असावीत. तेव्हा यंत्रातून मिळणाऱ्या सिगारेटच्या पाकिटाची किंमत २३ सेंट होती. यंत्रात २५ सेंट टाकावे लागत, म्हणून उरलेले दोन सेंट पाकिटाच्या वेष्टनातच घातलेले असत. बरीच दुहेरी नाणी लोकांना अशा पाकिटांत सापडली.

ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याची रचना बदलली. वर्षाचा आकडा मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर नेला. पण काही नाण्यांना नवी मागची बाजू आणि जुनी पुढची बाजू असे ठसे लागले. परिणामी नाण्यावर वर्षच नाही! अशी नाणी ५० हजार ते २ लाखांच्या दरम्यान असावीत. तरीही त्यांना लाखो पौंड मिळत नाहीत. किंमत साधारण पन्नास ते शंभर पौंडांच्या घरात राहिली. खऱ्या बाजारात खरी चूकसुद्धा अशी माफक किमतीला जाते, हे लक्षात ठेवावे.

किती उरली?

शेवटचा प्रश्न आपल्याच इतिहासातून घेऊ. १९११ मध्ये पंचम जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या झग्यावर एक हत्ती कोरलेला होता. पण कोरीवकाम असे झाले, की आखूड सोंडेमुळे तो हत्ती डुकरासारखा दिसे. त्यामुळे लोकांच्या धार्मिक भावना दुखावल्या आणि ओरड झाली. सरकारने रुपया मागे घेतला आणि १९१२ मध्ये हत्ती नीट कोरून नवा रुपया काढला. सुमारे ९४ लाख नाणी पाडली गेली होती. त्यांतली सात लाखांच्या आसपासच बाहेर गेली होती, बाकीची वितळवली गेली. संग्राहक आजही १९११ चा रुपया शोधतात. नुसता ‘पाडलेली संख्या’ हा आकडा पाहिला असता तर हे कळले नसते. पाडली किती यापेक्षा उरली किती, हे महत्त्वाचे.

वेगळेपणाची दुसरी बाजू

नाण्यांमधली विविधता माहीत नसली की दोन प्रकारचे नुकसान होते. एक आपण पाहिले : साध्या नाण्याला लोक लाखमोलाचे समजतात. दुसरे याच्या उलट. काही वर्षांपूर्वी अनेक गावांत दुकानदार दहा रुपयांची काही नाणी घेईनात. रुपयाचे नवे चिन्ह नसलेले किंवा किरणांची संख्या निराळी असलेले नाणे खोटे, अशी अफवा होती. अखेर रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर करावे लागले, की दहा रुपयांचे नाणे तोवर १४ वेगवेगळ्या रचनांत निघाले आहे आणि ती सर्व वैध आहेत. हातावर पोट असलेल्या माणसाला दिवसाच्या कमाईतली नाणी कोणी घेत नाही, तेव्हा ते नुकसानही खरेच असते.

जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाने चालणाऱ्या फसवणुकीबद्दलही रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी इशारा दिला. बँक असा व्यवहार करत नाही, आणि त्यासाठी शुल्क, दलाली वा कर गोळा करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. एक साधी खूणगाठ विद्यार्थ्यांना बांधून द्यावी : ज्याला नाणे विकत घ्यायचे असते तो पैसे देतो, मागत नाही.

वर्गात काय करता येईल?

किराणा दुकानदाराकडून किंवा शाळेच्या बचत बँकेतून शंभर नाणी एका दिवसापुरती मागून घ्यावीत. मुलांचे गट करून प्रत्येक नाण्याची किंमत, वर्ष, टांकसाळीची खूण आणि चुंबकाला चिकटते की नाही, अशी चार रकान्यांची नोंद करावी. तुमच्या गावात कोणत्या टांकसाळीची नाणी जास्त आहेत? सर्वांत जुने नाणे किती वर्षांचे? स्तंभालेख काढल्यावर प्रश्न आपोआप सुचतात.

घरातून जुने रुपयेही आणायला सांगावे. १९६२ चा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो. १९८५ चा रुपया तांबे व निकेल यांच्या मिश्रणाचा. त्यात निकेल असूनही तो चिकटत नाही, कारण निकेलचे अणू तांब्यात विखुरले गेले की खोलीच्या तापमानाला त्यांचे चुंबकत्व एका दिशेने जुळून राहत नाही. १९९२ पासूनचा रुपया क्रोमियम मिसळलेल्या पोलादाचा. तो पुन्हा चिकटतो. एकाच किमतीच्या तीन नाण्यांत मूलद्रव्ये, मिश्रधातू आणि चुंबकत्व असा तीन तासांचा पाठ आहे.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. नाणे कानस लावून, आम्लात बुडवून किंवा तापवून तपासू नये. २०११ च्या नाणे कायद्यानुसार चलनी नाणी कापणे, वितळवणे हा गुन्हा आहे. आणि जुने नाणे घासून चकचकीत केले की त्याचे मोलही जाते. तसेच शेतात किंवा जमिनीत पुरलेली जुनी नाणी सापडली तर ती विकू नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार त्यांची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

त्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही त्या मुलाचे नाणे तपासले. वजन सहा ग्रॅमच्या जवळ भरले. चुंबकाला ते चिकटले नाही. १९८५ च्या रुपयाचे जे गुण असायला हवेत ते सगळे त्यात होते, आणि त्यापलीकडे काही नव्हते. मुलाचा चेहरा पडला. वर्गशिक्षकांनी त्याच्याबरोबर घरी जाऊन वडिलांना हे सारे समजावून सांगितले. सहा हजार वाचले; आधीचे साडेअठराशे मात्र गेले ते गेलेच. पोलिसांत तक्रार दिली आहे.

नंतर त्या शिक्षकांचे पत्र आले. मुलाने वर्गमित्रांना घेऊन चारशेबारा नाण्यांची यादी केली होती. त्यात मुंबईची किती, हैदराबादची किती, सगळे व्यवस्थित मांडले होते. लाखांचे नाणे एकही मिळाले नाही. मात्र एका मुलीच्या आजीच्या डब्यात भोकाचे तीन पैसे निघाले, आणि त्या आजी वर्गात येऊन युद्धाच्या काळातल्या रेशनच्या रांगांविषयी तासभर बोलल्या.